चिपवर छापलेला आकडा

बारवी धरणाचं पाणी जिथे शुद्ध होऊन आसपासच्या शहरांकडे जातं, ते अंबरनाथ तालुक्यातलं जांभूळ. तिथल्या आमच्या घराच्या पत्र्याखालच्या वरच्या खोलीत, 2018 च्या जानेवारीत, मी पहिल्यांदा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. सेकंडहँड घेतलेल्या मशीनमध्ये इंटेलचा 2011 सालचा कोअर आय-फाइव्ह 2500के होता. त्याचा अधिकृत वेग 3.3 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 330 कोटी ठोके. रात्री दीड वाजता तो 4.5 वर चालू लागला. एक रुपयाही खर्च न करता मशीन वरच्या इयत्तेत गेलं, अशा आनंदात मी झोपलो.

हा जास्तीचा वेग येतो कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. कारखान्यात सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिप्सही सारख्या नसतात. प्रत्येकीची चाचणी होते आणि ती ज्या वेगाला खात्रीने टिकेल, तो आकडा तिला मिळतो. ही खात्री वाईटात वाईट परिस्थिती धरून दिलेली असते: बंदिस्त कॅबिनेट, कडक उन्हाळा, साधा पंखा, काही वर्षांची झीज. म्हणून बहुतेक चिप्समध्ये थोडी ताकद राखीव उरते. शिवाय स्वस्त चिप्सना मागणी जास्त असली की चांगल्या चिप्सवरही लहान आकडा छापून त्या विकल्या जातात.

या राखीव ताकदीवर हात टाकण्याचा इतिहास जुना आहे. 1984 मध्ये आलेला आयबीएमचा पीसी एटी 6 मेगाहर्ट्झवर चालायचा. मदरबोर्डवरचा 12 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून तिथे 16 चा बसवला की तेच मशीन 8 वर धावायचं. लोक हे सर्रास करू लागले. तेव्हा पुढच्या मॉडेल्समध्ये आयबीएमने मशीन सुरू होतानाच वेग तपासण्याची सोय केली. ठरल्यापेक्षा जास्त आढळला तर ते सुरूच व्हायचं नाही. विकत घेतलेल्या मशीनवर हक्क कुणाचा, हा वाद तेव्हापासूनचा.

या छंदाचा सुवर्णकाळ म्हणजे 1998. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन 300ए आणि पेंटियम टू 450 एकाच दिवशी बाजारात आणले. सेलेरॉन दीडशे डॉलरच्या आत, तर पेंटियम त्याच्या चौपटीहून महाग. सेलेरॉनचा गुणक साडेचारला कुलूपबंद होता: बसचा वेग 66, गुणिले साडेचार, म्हणजे 300. पण बस 100 वर नेली की गणित 450 होतं. हा बदल कित्येक चिप्सनी विनातक्रार पचवला.

गुणकाला कुलूप का, याचं उत्तर बाजारात होतं. नव्वदच्या दशकात जगभर काही विक्रेते चिपवरचा आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापत. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर ‘असेंबल’ करून घेणाऱ्या आपल्या पिढ्यांना आकड्यांवरच भरवसा ठेवावा लागायचा. काम तांत्रिकदृष्ट्या तेच. मालकाने समजून-उमजून केलं तर छंद, दुकानदाराने लपवून केलं तर फसवणूक.

वेगाच्या मागे न लागण्याचाही एक मार्ग होता, आणि त्याचं एक उदाहरण पुण्यातलं. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याऐवजी त्यांनी 64 प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून दिलं. पुढे साऱ्या जगाला याच वाटेवर यावं लागलं. ट्रान्झिस्टर लहान होताना व्होल्टेजही कमी करता येतं, म्हणून उष्णता आटोक्यात राहते, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये दाखवलं होतं. 2004 च्या सुमारास हे गणित बिघडू लागलं. त्या वर्षी इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर रद्द केला आणि उद्योग जास्त कोअर्सकडे वळला.

उष्णतेचं हे गणित मला मे महिन्यात कळलं. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मी व्होल्टेज 1.20 वरून 1.35 वर आणि वेग 3.3 वरून 4.5 वर नेला होता, म्हणजे उष्णता सुमारे 70 टक्क्यांनी जास्त. जानेवारीच्या रात्री ते खपून गेलं. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखालची ती खोली भट्टी असायची.

आमचा प्रोजेक्ट होता सिग्नलवर लागणाऱ्या गाड्यांच्या रांगांचं सिम्युलेशन. ते माझ्या मशीनवर चालायचं. रिपोर्ट छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टमधल्या मित्राचा फोन आला. ‘‘अरे, इनपुट तेच, सीड तेच. मग उत्तरं दोन कशी?’’

मशीन कधीच बंद पडलं नव्हतं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. मूळ वेगावर सगळं पुन्हा चालवलं, तेव्हा आलेखातले तीन बिंदू चुकीचे निघाले. ते तीन बिंदू आमच्या निष्कर्षाला सोयीचे होते, म्हणून मी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं. मित्राला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. निष्कर्षाचं अख्खं प्रकरण आम्ही रात्रभर बसून नव्याने लिहिलं.

मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम95 हा प्रोग्रॅम ओव्हरक्लॉकिंगच्या चाचणीसाठी का वापरतात, ते मला त्या रात्री उमगलं. तो चिपला घाम फोडतोच, पण आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी तिची उत्तरं ताडूनही पाहतो. मी जानेवारीत तो वीस मिनिटं चालवून बंद केला होता.

आता पहिल्यांदा करणाऱ्याला मी एवढंच सांगतो. आधी बॅकअप घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, वेग 100 मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढव आणि व्होल्टेजला शेवटी हात लाव. तापमान बघत रात्रभर चाचणी घे. मशीन सुरूच झालं नाही, तर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर कशा आणायच्या, हे आधी वाचून ठेव. आणि ज्या कामाचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार आहे, ते मूळ वेगावरच कर.

2024 मध्ये खुद्द इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसर्समध्ये वाढीव व्होल्टेजमुळे बिघाड होऊ लागले. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कारखान्यातूनच वेग जवळजवळ टोकाला नेलेल्या या चिप्समध्ये राखीव म्हणून फारसं काही उरलंच नव्हतं.

माझं जुनं मशीन अजून जांभूळच्या त्याच खोलीत आहे, 4 गिगाहर्ट्झवर. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर तारीख, व्होल्टेज, तापमान आणि खाली एक ओळ: मे महिन्यात, दुपारी, पुन्हा तपासणे.