एक लाख जीव वाचवण्याची मोहीम

अमेरिकेतील रुग्णालयांमध्ये टाळता येण्याजोगे मृत्यू रोखण्यासाठी १४ डिसेंबर २००४ ते १४ जून २००६ या दीड वर्षात राबवलेला हा सामूहिक उपक्रम ‘हंड्रेड थाउजंड लाइव्ज कॅम्पेन’ या नावाने ओळखला जातो. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट’ या ना-नफा संस्थेने आणि तिचे तत्कालीन अध्यक्ष, बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड बर्विक यांनी तो सुरू केला व सुमारे ३,१०० रुग्णालये त्यात स्वेच्छेने सामील झाली. त्याआधी १९९९ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’च्या अहवालाने वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज मांडला होता आणि या चुकांचे मूळ व्यक्तींच्या हलगर्जीपणापेक्षा कामाच्या सदोष रचनेत आहे, असे बजावले होते. हेच सूत्र धरून मोहिमेने सहा उपाय निवडले. प्रकृती ढासळू लागलेल्या रुग्णाकडे तातडीने धावून जाणारी पथके, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणाऱ्या जंतुसंसर्गाला आळा, शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्गाला आळा, कृत्रिम श्वसनयंत्रामुळे होणाऱ्या न्यूमोनियाला प्रतिबंध, हृदयविकाराच्या झटक्यावर पुराव्याने सिद्ध झालेले उपचार आणि औषधयाद्यांची जुळवणी असे ते उपाय होत. यांतील शेवटचे दोन वरवर वेगळे दिसत असले, तरी रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काहीतरी निसटते, ही अडचण दोहोंच्या मुळाशी होती.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीमुळे बंद पडली की त्या भागातील स्नायू मिनिटागणिक मृत होत जातो. यावर काय करावे, हे मोहिमेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांचा समावेश असलेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीने केवळ ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटतात, असे दाखवून दिले होते. ज्ञान होते, औषध स्वस्त होते, तरीही ते प्रत्येक पात्र रुग्णापर्यंत पोहोचत नव्हते, आणि मोहिमेने बोट ठेवले ते नेमके या उणिवेवर. रुग्ण येताच आणि घरी जाताना ॲस्पिरिन. त्याच दोन वेळी हृदयावरील ताण कमी करणारी बीटा-रोधक औषधे. हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्यांना घरी जाताना एसीई-रोधक किंवा त्याच्या जोडीचे औषध. बंद रोहिणी वेळेत मोकळी करणे. आणि धूम्रपान सोडण्याविषयी समुपदेशन अशी सात कलमे ठरवण्यात आली. रुग्णाला लागू असलेली सर्व कलमे पार पडली, तरच त्याची शुश्रूषा पूर्ण झाली असे मानण्याचा आग्रह होता. हा हिशेब कठोर असला तरी न्याय्य होता, कारण सहा गोष्टी मिळाल्या म्हणून राहिलेल्या सातवीचा तोटा रुग्णाला चुकत नाही.

यांतील वेळेचे कलम सर्वांत अवघड होते. गुठळी विरघळवणारे औषध रुग्ण आल्यापासून ३० मिनिटांत दिले जावे आणि अँजिओप्लास्टी करायची असल्यास रोहिणीतला फुगा ९० मिनिटांत फुगवला जावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे होती. प्रत्यक्षात बराच वेळ फोनाफोनीत जाई. ईसीजी निघाला की तातडी विभागातील डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञाला कळवीत, तज्ज्ञ आलेख स्वतः पाहून निर्णय देत आणि त्यानंतर कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या कक्षाच्या, परिचारिकांना व तंत्रज्ञांना घरून एकेक करून बोलावले जाई. ३६५ रुग्णालयांच्या पाहणीवर आधारलेल्या व २००६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून वेळ वाचवणाऱ्या रीती स्पष्ट झाल्या. तातडी विभागातील डॉक्टरलाच कॅथलॅब सुरू करण्याचा अधिकार देणे, एकाच फोनवर सारे पथक हलवणे, पथकाने २० ते ३० मिनिटांत हजर होणे आणि प्रत्येक रुग्णामागे किती वेळ लागला हे संबंधितांना लगेच कळवणे या त्यांतील प्रमुख रीती होत. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी’ने त्याच सुमारास याच विषयासाठी रुग्णालयांची स्वतंत्र आघाडी उभी केली. रुग्ण आल्यापासून फुगा फुगवेपर्यंतचा, २००५ साली ९६ मिनिटे असलेला मध्यक कालावधी २०१० पर्यंत ६४ मिनिटांवर आला. येथे नवे यंत्र वा नवे औषध आले नव्हते, फोन कोणी कोणाला करायचा एवढेच बदलले होते.

औषधयाद्यांची जुळवणी म्हणजे रुग्ण घरी घेत असलेल्या औषधांची शक्य तितकी अचूक यादी करून दाखल होताना, विभाग बदलताना आणि घरी जाताना नव्या आदेशांशी ती पडताळणे, व फरक आढळल्यास तो हेतुपूर्वक आहे की नजरचुकीने, हे डॉक्टरकडून निश्चित करून घेणे होय. टोरांटो येथील २००५ च्या एका अभ्यासात १५१ रुग्णांपैकी ५३.६ टक्क्यांच्या दाखल होतानाच्या आदेशांत किमान एक अनवधानाने राहिलेला फरक सापडला, आणि नेहमीचे औषध लिहायचेच राहून जाणे हा त्यांतील सर्वांत सामान्य प्रकार होता. हृदयरुग्णाच्या बाबतीत याचे स्वरूप सहज डोळ्यांसमोर येते. घरी मेटोप्रोलॉल हे बीटा-रोधक औषध एका व्यापारी नावाने घेणाऱ्या रुग्णाला रुग्णालयातून निघताना तेच औषध दुसऱ्या नावाने लिहून दिले जाते. जुनी पट्टी बंद करा, असे कोणी सांगत नाही. तो दोन्ही गोळ्या घेतो आणि नाडी मंदावून चक्कर येऊन पडतो. हे टाळण्यासाठी परिचारिका, फार्मासिस्ट व डॉक्टर यांच्यात कामाची स्पष्ट वाटणी लागते, आणि रुग्णाच्या घरच्यांनी औषधांची पिशवी सोबत आणणे हाही त्या वाटणीचाच भाग ठरतो.

झटक्यावर त्वरेने उपचार करण्याच्या आग्रहात औषधाची मात्राही चुकू शकते. ‘क्रुसेड’ या अमेरिकी नोंदवहीतील ३०,१३६ रुग्णांच्या विश्लेषणात, रक्त गोठू न देणारी औषधे दिलेल्यांपैकी ४२ टक्के रुग्णांना निदान एका औषधाची सुरुवातीची मात्रा शिफारशीच्या मर्यादेबाहेर मिळाल्याचे २००५ साली दिसून आले. वृद्ध, कमी वजनाचे आणि मूत्रपिंड अशक्त असलेले रुग्ण याला विशेष बळी पडत व त्यांच्यात रक्तस्राव वाढे. त्याच वर्षी चीनमधील ४५,८५२ रुग्णांवरील ‘कमिट’ चाचणीने शिरेतून घाईने दिलेल्या बीटा-रोधकामुळे दर हजारी पाच पुनर्झटके टळतात, पण हृदय निकामी होऊन रक्तदाब कोसळण्याच्या ११ घटना वाढतात, हे दाखवले. रुग्ण येताच बीटा-रोधक देण्याचे कलम पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय गुणवत्तामापनातून वगळण्यात आले.

मुदतीअखेर १,२२,३०० जीव वाचल्याचा अंदाज संस्थेने जाहीर केला. रुग्णसुरक्षेचे अभ्यासक रॉबर्ट वॉक्टर आणि पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्याची चिकित्सा करताना, तुलनेसाठी मोहिमेबाहेरील रुग्णालयांचा गट नव्हता, मृत्युदर आधीपासूनच घटत होता आणि काही सहभागी रुग्णालयांनी आकडेवारी पाठवलीच नव्हती, हे आक्षेप नोंदवले. ते ग्राह्य आहेत; मात्र एवढ्या रुग्णालयांना एका कामाला लावण्याच्या मोहिमेच्या यशाची दखल या टीकाकारांनीही घेतली. शिवाय, फुगा फुगवेपर्यंतची वेळ घटूनही रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिल्याचे ९६,७३८ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात आढळले. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ या मापनाच्या कक्षेबाहेरच राहिला होता.

कॅनडाने एप्रिल २००५ मध्ये ‘सेफर हेल्थकेअर नाऊ’ या नावाने हेच सहा उपाय स्वीकारले. भारतात केरळमधील ६३ रुग्णालयांत २१,३७४ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसीएस क्विक’ या स्वतंत्र चाचणीत तपासणीसूच्या, प्रमाणित आदेशपत्रे आणि नियमित आढावा यांचा संच वापरला गेला. त्याने औषधोपचारांत सुधारणा झाली, परंतु ३० दिवसांतील गंभीर घटनांमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय घट दिसली नाही.