बारीक धार

आमच्या शहराच्या पाण्याचा इतिहास सांगायला कुणी बसलं, की सुरुवात मलिक अंबरापासून होते, आणि ती व्हायलाच हवी. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांतच उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून गावात नहर आणली. जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी वाटेने गोळा करायचं, भाजलेल्या मातीच्या नळांतून उतारावर सोडायचं आणि वाटेत जागोजाग उंच बंबे उभारून हवेचा नि पाण्याचा दाब सांभाळायचा. मोट नाही, रहाट नाही, इंधन नाही. पुढे थत्ते नहर झाली, पाणचक्कीची नहर झाली. पाणचक्कीवर तर त्याच पाण्याने जातं फिरवून फकिरांचं आणि वाटसरूंचं धान्य दळलं. हे सगळं आपण शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं.

पण श्रोतेहो, मला आज दुसऱ्या टोकाविषयी बोलायचं आहे. नहरीचं पाणी चौकातल्या हौदापर्यंत आलं. तिथून ते घरात गेलं कसं, आणि घरात कशाकशातून वापरलं गेलं? हा इतिहास कुठल्या शिलालेखात कोरलेला नाही. तो अडगळीच्या खोलीत सापडतो.

मी औरंगपुऱ्यात वाढलो. सरस्वती भुवन आणि भाजी मंडई यांच्या आसपासचा हा भाग. इथल्या जुन्या घरांत पाण्याची एक संपूर्ण भांडीव्यवस्था होती. पिण्यासाठी रांजण, त्यात बुडवायला लांब दांड्याचं ओगराळं, आंघोळीला घंगाळ आणि तांब्या, हात धुवायला तोटीचा लोटा. शेजारच्या मुसलमान घरांत हाच तोटीचा लोटा वुजूसाठी असायचा. वुजूला एक मुद्द पाणी, म्हणजे आजच्या मापात पाऊण लिटरच्या आसपास, पुरेसं होतं असा दाखला हदीसमध्ये आहे. वाळवंटातून आलेला हा हिशेब मराठवाड्यात रुजायला काहीच अडचण पडली नसणार. मोरीचं पाणी वाया जात नसे. मोरीच्या तोंडाशी अळूचा वाफा, त्यापलीकडे कर्दळ, जागा असेल तर केळ. आजच्या भाषेत याला सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणतात. तेव्हा त्याला अळूचं फदफदं म्हणत.

या साऱ्या वस्तूंत मला सर्वांत हुशार वाटतो तो तोटीचा लोटा. पाण्याची बचत करणारी बहुतेक साधनं त्याच्याच जातीची आहेत. धार बारीक करा, म्हणजे हात तेवढेच स्वच्छ होतात आणि पाणी थोडं लागतं. 1980 च्या दशकात झिंबाब्वेत डॉ. जिम वॅट यांनी ‘टिपी टॅप’ नावाची युक्ती लोकांपुढे आणली. टांगलेलं एक भांडं, त्याला भोक, पायाने दोरी ओढली की भांडं कलतं आणि हातावर बारीक धार पडते. जगभरच्या खेड्यांत ही युक्ती पोहोचली. आपल्या नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, जिच्यातून हवा मिसळलेली मऊ धार येते, तीही त्याच घराण्यातली. फरक पाहायचा असेल तर लिटरचं माप आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या. नळाने माप पाच सेकंदांत भरलं, तर मिनिटाला बारा लिटर झाले. जाळी लावून त्याला पंधरा सेकंद लागले, तर चारच. दात घासताना दोन मिनिटं मोकळा सोडलेला पहिला नळ चोवीस लिटर ओततो. आजोबांचं काम एका तांब्यात व्हायचं!

आता एक अप्रिय गोष्ट. जुन्या वाड्यांत पाणी कमी लागे याचं मोठं कारण होतं टोपलीचा संडास. त्याला पाणी जवळजवळ लागतच नसे, कारण मैला माणूस वाहून नेत असे. जुन्या काळी लोक किती काटकसरी होते, असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. ती काटकसर दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली होती. कायद्याने कोरड्या संडासांवर बंदी यायला 1993 उजाडलं.

त्यावर पाण्याची उधळण न करता उत्तर शोधणारी माणसं महाराष्ट्रात होती. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी स्वस्त संडासांचे प्रयोग केले. देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी डॉक्टर म्हणून रुजू झाल्यावर आयुष्यभर हेच काम धरलं. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या चळवळीने घरोघर नेलेलं भांडं बारकाईने पाहण्यासारखं आहे. त्याचा उतार तीव्र आणि खालच्या वळणातला पाण्याचा अडसर उथळ असतो. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्याच्या एका झोकात काम होतं, वास येत नाही, माशी जात नाही. त्याच काळात शहरांत साखळी ओढायच्या टाक्या आल्या, त्या एका ओढीला साडेबारा लिटर सोडत. आपण प्रगती म्हणून निवडली ती दुसरी. ऑस्ट्रेलियासारख्या कोरड्या देशात 1980 मध्ये दोन बटणांची टाकी निघाली, ती पाणी पुरत नाही म्हणूनच.

जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. तिथलं पाणी आमच्याकडे आपोआप येत नाही. ते पंपांनी चढवून आणावं लागतं. अंबराची नहर उतारावर होती, आमची चढावर आहे, म्हणजे इथे सांडलेल्या प्रत्येक बादलीत वीजही सांडते. शिवाय 2010 नंतरच्या कित्येक उन्हाळ्यांत ते चार-चार, आठ-आठ दिवसांनी आलं. म्हणून घराघरांत टाक्या, पिंपं, टपं वाढली. या साठ्याने एक विचित्र सवय लावली. पाण्याचा दिवस आला की उरलेलं पाणी ‘शिळं’ ठरतं आणि मोरीत जातं. दहा दिवस जपलेलं पाणी अकराव्या दिवशी ओतायचं. जुन्या घरात हे पाणी अळूला गेलं असतं. आता मोरीबाहेर फरशी आहे.

टाकी भरल्यावर रस्त्यावर वाहणाऱ्या पाण्याचा उपायही नवा नाही. पाण्याबरोबर वर चढणारा गोळा झडप बंद करतो. तरंगत्या गोळ्याची झडप नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा बंधूंनी आपल्या यंत्रांच्या ग्रंथात वर्णन करून ठेवली आहे. आज ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि तरीही पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत दोन-तीन गच्च्यांवरून धबधबे पडतात. तिचं वायसर झिजलं की ती थेंबथेंब गळते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर.

संडासाची जुनी दहा लिटरची टाकी बदलणं परवडत नसेल, तर लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळाशी वाळू घालून ती पाण्याने भरा, बूच घट्ट लावा आणि गोळ्याच्या दांडीला अडणार नाही अशी टाकीच्या कोपऱ्यात उभी करा. वीट ठेवू नका. ती झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा पाणी सोडलं जातं असं धरलं, तर वीस लिटर वाचतात. आमच्या इमारतीत दोन घरांनी अशी बाटली ठेवली आहे. तिसऱ्या घरातल्या आजींनी बाटली नाकारली. त्या अजून बादली आणि तांब्याच वापरतात, आणि त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीत अळू आहे.