कोऱ्या शेलवर नंबर नसतो

जालना म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: बियाणं आणि सळया. इथल्या एमआयडीसीत भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळया करणारे कारखाने आहेत. भंगाराच्या काट्यावर पत्र्याचं फक्त वजन होतं. तो 1964 सालचा की गेल्या वर्षीचा, याच्याशी काट्याला देणं-घेणं नाही.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं बरोब्बर उलटं! त्यांच्या लेखी न वापरलेला, कंपनीतून निघालेला बॉडी शेल म्हणजे गुप्तधनच. पण 'कंपनीचा कोरा शेल आहे' असं कोणी म्हणालं, तर ते खरं कशावरून मानायचं?

उदाहरण आपल्या मातीतलंच घेऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली. 1974 पासून तीच गाडी 'पद्मिनी' झाली आणि सुमारे 2000 पर्यंत बनत राहिली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली.

आता जीप आणि फियाट यांत एक मूलभूत फरक आहे. जीपला खाली वेगळी चॅसी असते, वरची बॉडी बदलली तरी गाडी तीच राहते. फियाटला वेगळी चॅसीच नाही. बॉडी हाच सांगाडा आणि गाडीची ओळखही त्याच पत्र्यावर. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी कीच बॉडीवर कोरलेली! म्हणून शेलचा प्रश्न हा नुसत्या पत्र्याचा प्रश्न नाही.

बरं, 'अस्सल' म्हणजे तरी काय? इंग्लंडमधली एमजीबी ही गाडी 1980 मध्ये बंद झाली. पुढे 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ साच्यांवरून तिचे नवे शेल बनवायला घेतले. साचे तेच, काळ वेगळा. म्हणजे पायऱ्या तीन झाल्या: त्या काळी कारखान्यात बनलेला, त्याच साच्यांवर नंतर बनलेला आणि नव्या साच्यांवर किंवा हाताने केलेली नक्कल. तिन्ही उपयोगी, फक्त ज्याला त्याला त्याच्याच नावाने विकावं.

पारख करताना बिल आणि लेबल शेवटी बघा. कागद छापायला किती वेळ लागतो? आधी पत्रा बघा, आणि तोही दिसणारा नव्हे. कारखान्याचे स्पॉट वेल्ड म्हणजे जोडाच्या कडेवर बऱ्यापैकी सारख्या अंतरावरचे गोल खळगे. गॅस वेल्डिंगची सलग रेघ दिसली की कोणीतरी नंतर हात लावलाय. साच्यावर दाबलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हातोडीचे ठोके नसतात. कोऱ्या शेलवर पुट्टी असायचं काही कारणच नाही. लोहचुंबक फिरवून बघा, कुठे ढिला पडतो का. बिजागऱ्यांच्या आणि सस्पेन्शनच्या भोकांभोवती वॉशर दाबल्याची गोल खूण दिसली, तर तिथे कधीतरी नट आवळला गेला होता. बंद पोकळ्यांत रस्त्याची माती सापडली, तर विषयच संपला. वरून नवा रंग मारणारा माणूस तिथवर सहसा पोचत नाही.

आणि सगळ्यात गमतीचा पुरावा म्हणजे नंबर. नंबर गाडीला मिळतो, सुट्या पत्र्याला नाही. 'न वापरलेल्या' शेलवर चॅसी नंबर आधीच ठोकलेला असेल, तर आनंद मानू नका, प्रश्न विचारा. तो शेल कधीतरी गाडी होता, किंवा कोणीतरी त्याला गाडी करायला निघालाय. जुन्या सांगाड्यावरचा नंबर कापून नव्यावर गुपचूप जोडणं याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत.

याला आता सरकारी वजनही आहे. जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. 2020 च्या मसुद्यात मोठे फेरफार म्हणजे काय हे सांगताना बॉडी शेलचा स्पष्ट उल्लेख होता. पहिल्या पद्मिनींनी 2024 मध्ये पन्नाशी गाठली, म्हणजे हा प्रश्न आता त्यांच्याही दारात आलाय.

तेव्हा कधी असा शेल हाती लागलाच, तर रंगाचा डबा उघडण्याआधी आतून-बाहेरून, जोड आणि भोकांसकट सगळे फोटो काढून ठेवा. भट्टीत गेलेला पत्रा काही सांगत नाही हे जालन्यात सगळ्यांना माहीत आहे. चकचकीत रंगाखाली गेलेला पत्राही तितकाच मुका असतो, मंडळी.