रोमच्या क्रीडागारांतील एक लुप्त लेख

रोम शहरांतील ‘कोलोसियम’ या प्राचीन क्रीडागाराविषयीं लिहिणारे बहुधा त्याचा विस्तार व तेथील रक्तपात यांचेंच वर्णन करितात. (हें नांवही मागाहूनचें, शेजारच्या नीरोच्या प्रचंड पुतळ्यावरून तें पडलें असावें.) लेखसंग्राहकांस त्याहून मनोरंजक वाटेल अशी एक शिळा तेथें आहे, तिजकडे वाचकांचें लक्ष वेधावें एवढाच या टिपणाचा हेतु.

ही संगमरवरी शिळा इ. स. १८१३ मध्यें सांपडली. तिजवरील कोरीव लेख पांचव्या शतकांतला. दुसरा थिओडोशियस व तिसरा व्हॅलेंटिनियन या बादशहांच्या कारकीर्दींत लॅम्पॅडियस नामक नगराधिकाऱ्यानें क्रीडागाराची दुरुस्ती केली, असा त्याचा आशय. परंतु त्या अक्षरांच्या मधून मधून बारीक छिद्रें दिसतात, व त्यांचा या लेखाशीं कांहींएक संबंध नाहीं. पूर्वीं या शिळेवर धातूचीं अक्षरें बसविलेलीं होतीं. तीं गेलीं, आणि तीं धरून ठेवणाऱ्या खुंट्यांचीं भोंकें तेवढीं राहिलीं.

इ. स. १९९५ मध्यें गेझा आल्फल्दी यांनीं या भोंकांवरून मूळ लेख लाविला. बादशहा व्हेस्पेशियन यानें हें नवें क्रीडागार युद्धांतील लुटीच्या द्रव्यांतून बांधविलें, असा त्याचा भावार्थ. लूट कोठली हें लेख सांगत नाहीं, तथापि इ. स. ७० मध्यें यरुशलेम पडल्यावर जी संपत्ति रोमास आली तीच अभिप्रेत असावी. व्हेस्पेशियन इ. स. ७९ मध्यें वारला, व इ. स. ८० मध्यें त्याचा पुत्र टायटस यानें उद्घाटनाचा शंभर दिवसांचा उत्सव केला. पितापुत्रांच्या राजनामांत भेद काय तो ‘टी’ या एका अक्षराचा. तें अक्षर मागाहून दाटीनें घुसविल्याच्या खुणा आल्फल्दी यांस आढळल्या. आपल्या पोथ्यांत लेखक काकपद देऊन गळलेलें अक्षर घालतो. येथें एका अक्षरानें बापाची इमारत मुलाच्या नांवें झाली! केवळ छिद्रांवरून लाविलेल्या पाठांत तर्काचा अंश राहणारच, व सर्व शब्द निःसंशय आहेत असें मी म्हणणार नाहीं. पण ‘टी’ची उपपत्ति मला ग्राह्य वाटते.

पुढील वृत्त त्रोटकच देतों. इ. स. ५२३ मधील श्वापदयुद्धांचा उल्लेख थिओडोरिक राजाच्या नांवें कॅसिओडोरसनें लिहिलेल्या पत्रांत आहे. बाराव्या शतकांत फ्रांजिपानी घराण्यानें येथें गढी केली. इ. स. १३४९ च्या भूकंपानें दक्षिणेकडील बाजू ढासळली, आणि पडलेला दगड शहराच्या बांधकामांस खाणीसारखा उपयोगी पडला, इ. स. १४५२ मध्यें अवघ्या नऊ महिन्यांत २,५२२ गाड्या दगड नेल्याची नोंद आहे. ही लूट थांबली ती धर्मभावनेमुळें. इ. स. १७४९ मध्यें पोप चौदावा बेनेडिक्ट यानें हुतात्म्यांच्या रक्तानें पुनीत झालेलें स्थळ म्हणून तें पवित्र ठरविलें. याच इमारतींत ख्रिस्ती लोक मारले गेल्याचा समकालीन पुरावा मात्र मिळत नाहीं. म्हणजे ज्या परंपरेनें वास्तु राखली तिलाच आधार दुबळा! इ. स. १८५५ मध्यें रिचर्ड डीकिन यांनीं त्या भिंतींवर उगवलेल्या ४२० वनस्पतींचें वर्णन छापलें. पुढें संशोधकांनीं भिंती साफ करतांना ती सारी हिरवळ उपटून टाकली.