पोर्शे ९११ (जुनी) : चाके व टायर यांची मापे

पोर्शे या जर्मन कंपनीच्या ९११ या स्पोर्ट्‌स कारचे उत्पादन १९६४ मध्ये सुरू झाले. ही नोंद १९८९ पर्यंतच्या गाड्यांपुरती आहे. ९११चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे वजनाचा सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकांवर पडतो. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की मागची बाजू बाहेर निसटू पाहते. मापांची सगळी कुळकथा या एका खोडीतून निघते : मागच्या चाकांना जास्त पकड हवी.

१९६७ सालच्या ९११ एसला ओटो फुक्स कारखान्याची पाच पाकळ्यांची, घडीव ॲल्युमिनियमची चाके आली. व्यास १५ इंच, रुंदी जेमतेम ४.५ इंच. १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये पुढे ६ इंची रिमवर १८५/७० आणि मागे ७ इंची रिमवर २१५/६० टायर बसले (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). त्यासाठी कंपनीला मागची मडगार्ड रुंद करावी लागली. त्या काळच्या साध्या अंगाच्या गाडीला आरएसची मागची चाके लावू नयेत, ती मडगार्डला घासतात.

१९८४ ते १९८९च्या कॅरेरा ३.२ला सुरुवातीला हीच १५ इंची जोडी होती. जादा पैसे मोजल्यास १६ इंची मिळे, पुढे २०५/५५ व मागे २२५/५०. पहिल्या जोडीचा बाहेरचा व्यास सुमारे ६४० मिमी, दुसरीचा ६३२. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटरच्या दृष्टीने किरकोळ.

खरी फसगत ऑफसेटमध्ये होते. रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतले हे अंतर. १६ इंची फुक्स चाकांत पुढच्या ६ इंचीचे ते ३६ मिमी, मागच्या ७ इंचीचे २३.३ मिमी असते. चारी बाजूंना ७ इंची चाके लावण्याच्या हौसेपायी मागचेच चाक पुढे बसवले, तर आतली कड जागेवर राहते आणि बाहेरची कड पुरी एक इंच बाहेर येते. स्टिअरिंग जड होते, खड्ड्यात मडगार्डची कड टायरला लागते. शिवाय पुढची पकड वाढून मागची तेवढीच राहिली, की मूळ खोड आणखी बळावते. दिसायला रुबाबदार, चालवायला वाईट असा हा सौदा आहे.

१७ इंची चाकांवर टायरची भिंत आखूड होते आणि गाडी आदळू लागते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला कारखान्याचेच माप उत्तम. १५ इंचीत बसणारे सीएन ३६ टायर पिरेलीने पुन्हा काढले आहेत. अशा गाड्या उभ्याच जास्त राहतात, त्यामुळे नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेले असते. खरेदीपूर्वी टायरच्या भिंतीवरच्या DOT क्रमांकातले शेवटचे चार अंक वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.