साखळी धरणारी पोरं

आजचा भाग एका बांधकामाच्या साइटवरून सुरू करू. सकाळचे साडेदहा वाजलेत, ऊन चढलंय. सिनियर सर्व्हेअर ऑटो लेव्हलला डोळा लावून उभा आहे आणि थोड्या अंतरावर नवा अप्रेंटिस हातात स्टाफ धरून उभा आहे. त्याचं काम काय? स्टाफ सरळ धरायचा. बस्स. दोन महिने हेच चाललं की पोरगं वैतागतं. 'मी शिकायला आलोय की काठी धरायला?'

ऐकणाऱ्यांपैकी काहीजण आत्ता हसले असतील. तर आज या काठी धरणाऱ्यांचा इतिहास बघू.

१७९४ साल. मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला नकाशे हवेत, पण मोजणी जाणणारी माणसं कमी आणि विलायतेहून आणायची तर महाग. मायकेल टॉपिंग नावाच्या सर्व्हेअरच्या पुढाकाराने एक सर्व्हे शाळा सुरू होते. पहिली तुकडी फक्त ८ मुलांची. ही मुलं कोण? तिथल्या अनाथालयातली, बहुतेक गोऱ्या सैनिकांची मुलं. अनेकांच्या आया इथल्याच. साहेबांच्या जगात त्यांना मान नव्हता, पण स्वस्तात काम करायला ती चालणार होती. हीच शाळा वाढत वाढत पुढे गिंडीचं इंजिनीअरिंग कॉलेज झाली.

८ वर्षांनी, एप्रिल १८०२ मध्ये, विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला एक सरळ रेघ मोजायला घेतली. लांबी साधारण साडेसात मैल. वेळ किती लागला? ५७ दिवस! १०० फुटांची पोलादी साखळी, अडीच फुटांच्या ४० कड्यांची. ती जमिनीवर टाकायची नाही, तिवईवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांमध्ये ताणून ठेवायची. वर सावली हवी आणि जवळ थर्मामीटर, कारण उन्हाने पोलाद वाढतं आणि माप बिघडतं. या एका रेघेवर त्रिकोण, त्या त्रिकोणावर पुढचा त्रिकोण, असं करत भारत मोजायचा होता. म्हणजे पहिल्या रेघेतली चूक शेवटपर्यंत सोबत येणार.

मग बरोबर आलंय हे कळणार कसं? त्यासाठी १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेघ साखळीने मोजली गेली. तिची लांबी त्रिकोणांच्या गणितातूनही काढलेली होती. दोन उत्तरांतला फरक ४ इंचांपेक्षाही कमी निघाला. रेघ होती काही मैलांची! आज आपण ट्रॅव्हर्स घेतो आणि सुरुवातीच्या पॉइंटवर परत येऊन क्लोजिंग एरर बघतो, ती याच सवयीची पुढची पिढी.

या मोहिमेत घडलेल्यांपैकी एक जोशुआ डी पेनिंग. तोही त्याच अनाथालयातून आलेला. लॅम्ब्टनच्या हाताखाली काम शिकला आणि पुढे कलकत्त्यात सर्व्हेच्या गणित कचेरीचा प्रमुख झाला. १८३१ मध्ये राधानाथ सिकदार नावाचा तरुण याच सर्व्हेत गणितं करायला लागला. शिखरांच्या उंचीचं त्याचं काम आपण ऐकलेलं असतं. पेनिंगचं नाव मात्र बहुतेकांनी आजच ऐकलं असेल. जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळालं ते जॉर्ज एव्हरेस्ट या साहेबाचं.

आणि लॅम्ब्टन? तो आपल्याकडेच आहे. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो गेला. त्याची कबर तिथेच आहे.

आता महाराष्ट्रात आलोच आहोत, तर मोजणी चुकली की काय होतं तेही ऐका. १८२७ च्या पुढे पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमीन मोजून सारा ठरवला. मोजणी सदोष, त्यात सारा भारी. शेतकऱ्यांना तो झेपेना, लोक गाव सोडून जाऊ लागले. शेवटी १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने काम हाती घेतलं.

थोडं गणित करून बघा. साखळी ढिली धरली, वाकडी पडली, की अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं. शेत तेवढंच, पण कागदावर मोठं. आणि सारा कागदावरच्या शेताचा! आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १ गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. आजही गुंठ्याचे भाव विचारताना आपण नकळत तीच साखळी ओढत असतो.

म्हणजे साखळीचं टोक धरणारा माणूस सगळ्यात खालचा, पण एखाद्या घराचं वर्षभराचं धान्य त्याच्या मुठीत होतं.

आता पुन्हा साइटवर या. स्टाफ पुढे झुकू दे नाहीतर मागे, रीडिंग खऱ्यापेक्षा जास्तच येतं. म्हणून तर सिनियर ओरडतो, 'हळूच पुढे-मागे कर', आणि सगळ्यात कमी आलेलं रीडिंग लिहून घेतो. अप्रेंटिसचं लक्ष उडालं, स्टाफ तिरका राहिला, तर ती चूक फील्ड बुकात जाते, तिथून लेव्हलमध्ये आणि लेव्हलमधून काँक्रीटमध्ये. काँक्रीट खोडरबराने पुसता येत नाही.

त्यामुळे काठी धरणाऱ्या मित्रा, मैत्रिणी, तुझा वैताग खरा आहे. सहा महिने नुसतं उभं केलं आणि यंत्राला हात लावू दिला नाही, तर ते शिकवणं नव्हे. डोळा लावायला माग, फील्ड बुक लिहायला माग, क्लोजिंग एरर किती आली ते रोज विचार. त्या ८ मुलांनाही शाळेत कोणीतरी शिकवलं, म्हणून पुढचं घडलं. पण जोवर स्टाफ हातात आहे, तोवर तो सरळ धर. नकाशावर तुझं नाव येणार नाही कदाचित. माप मात्र तुझंच असेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र किती लिहिलंय, ते एकदा बघून ठेवा!