काळ्या जमिनीची पारख

आपल्या देशावरच्या खेड्याचे जुन्या काळी दोनच मोठे भाग मानीत: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरे, देवळे व गावकूस असलेली वस्तीची जागा. काळी म्हणजे शेताची जमीन. खेड्याचे सारे जीवन या दोन शब्दांत मावत असे. पण काळी म्हणजे नेमके काय, ती कशी झाली, तिच्यावर किती भार टाकावा आणि कोठे थांबावे, हे ठरवावयास माणसाला शतकाहून अधिक काळ लागला. शेतात खड्डा खणून पाहणारे आले, मातीचे पृथक्करण करणारे आले, पावसाचा हिशेब मांडणारेही आले. प्रत्येकाने आपल्यापुरते खरे सांगितले. मात्र एकेकट्याची साक्ष अपुरी होती, आणि त्या अपुरेपणाची किंमत नीरेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी भरली. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

पेशवाई बुडाल्यानंतर पुणे प्रांतात नव्या सरकारने जमिनीवर सारा बसवावयास घेतला. हे काम प्रथम रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याकडे होते. प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती निघते, याचे बारीक गणित करून त्यावर सारा आकारावा, अशी त्याची योजना. पुस्तकात ती सुरेख दिसे. शेतात गेल्यावर आकडे खोटे ठरू लागले. सारा जड झाला, वसुली थकली, जमिनी पडीक राहिल्या. तेव्हा १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी पाहणी सुरू केली. महाराष्ट्रातील जमिनींची प्रतबंदी ती हीच.

या प्रतबंदीची रीत समजून घेण्याजोगी आहे. शेताचे भाग पाडीत, प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते पाहत, आणि तिचा रंग व पोत हाताने तपासून प्रत ठरवीत. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती असेल तर ती सोळा आण्यांची. खोली कमी होत जाईल, माती भरड होत जाईल, तसतसे आणे उतरत. अशा नऊ प्रती, आणि शेवटची दोन आण्यांची. शिवाय दोष टिपून घेत. चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, जमीन उतरणीची आहे का, पावसाळ्यात उपळते का, हे पाहून प्रत्येक दोषागणिक जमीन एक प्रत खाली उतरे. गावांचे गट करताना त्या भागाचे पाऊसपाणी आणि बाजारपेठ हीसुद्धा लक्षात घेत. म्हणजे जमिनीची ठेवण आणि हवापाणी या दोन साक्षी विंगेटच्या कारकुनांनी नोंदवून ठेवल्या. दोषांची नावेही त्यांनी शेतकऱ्यांच्याच तोंडून घेतली. उणीव होती ती एकाच गोष्टीची: मातीच्या पोटात काय आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. शिवाय हे आणे कोरडवाहू पिकाचे होते, पाटाच्या पाण्याचे नव्हते. हा भेद पुढे लोक विसरले.

दुसरीकडे भूगर्भशास्त्रज्ञांचा वाद चालला होता. दक्षिणेतील तेलुगू शब्दावरून या मातीला त्यांनी 'रेगूर' म्हटले. धारवाडकडे पाहणी केलेल्या क्रिस्टीसारख्यांचे मत असे, की ही माती आपल्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झाली. न्यूबोल्ड आणि त्याच्या बाजूचे म्हणत, की हा पाण्याखाली साचलेला गाळ असावा. दोन्ही पक्षांजवळ पुरावा होता. काळा पाषाण जेथे पसरला आहे तेथे काळी माती आढळते हे खरे. पण पार दक्षिणेस, जेथे हा पाषाण मुळीच नाही, तेथेही ती आढळते. त्यातच तिच्या काळेपणाने सर्वांस चकवले. रशियातील सुप्रसिद्ध काळी माती कुजलेल्या गवताच्या अंशाने काळी झालेली, तेव्हा आपलीही तशीच असावी, असा तर्क सहज झाला. १८८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दोकुचायेव याने त्या मातीवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माती ही केवळ खडकाचा भुगा नसून खडक, हवामान, वनस्पती, भूमीची उंचसखल ठेवण आणि काळ या साऱ्यांचे ते अपत्य आहे, हा विचार त्याने रूढ केला. पण तो आपल्याकडे पोहोचून रुजावयास पुढची अर्धशतकी जावी लागली.

मधल्या काळात प्रयोगशाळा आली. १८९२ साली हिंदुस्थान सरकारने लेदर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची शेतीखात्यात नेमणूक केली, आणि १८९८ मध्ये हिंदी मातींच्या पृथक्करणाचे त्याचे लेखन प्रसिद्ध झाले. गंगा-सिंधूची गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची, असे चार मोठे वर्ग त्याने दाखवले. काळीत चुना आणि लोह विपुल, नत्र मात्र बेताचे, हे स्पष्ट झाले. १९१० मध्ये ॲनेट याने तिच्या रंगाचाच शोध घेतला, आणि कुजलेल्या अंशाबरोबर टायटॅनियमयुक्त लोहखनिजाकडे बोट दाखवले. आज आपण जाणतो, की आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा शेकडा एकाहूनही कमी असतो. जे थोडे सेंद्रिय द्रव्य असते ते चिकणमातीच्या कणांशी घट्ट बांधलेले असते, आणि तेवढ्यानेही रंग गडद होतो. रंगावरून श्रीमंत वाटणारी ही जमीन नत्राच्या बाबतीत गरीबच. प्रयोगशाळेने हा भ्रम दूर केला, हे तिचे मोठेच काम. पण बाटलीत आलेली चिमूटभर माती उतारावरची की खोलगटातली, हे बाटली सांगत नाही.

आता नीरेकडे वळू. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले, आणि दुष्काळी टापूला पाणी देण्यासाठी नीरेचा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ साली तो वाहता झाला. बारामती-इंदापूरच्या रानाला पाणी मिळाले, पुढे ऊस आला, गुऱ्हाळे आली. आनंद व्हावा अशीच ती गोष्ट होती. परंतु थोड्याच वर्षांत एक विचित्र प्रकार दिसू लागला. नदीकाठच्या सखल, खोल, काळ्याभोर जमिनी ओल धरू लागल्या. विहिरींचे पाणी वर आले. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा क्षार फुलू लागला, पीक पिवळे पडू लागले, आणि शेवटी शेत 'चोपण' झाले. माळालगतची हलकी, मुरमावरची जमीन, जिला प्रतबंदीत चार-सहा आणे मिळत, ती पाणी पचवून उभी राहिली. आणि सोळा आण्यांची जमीन आधी बिघडली. कोरडवाहूत जिचा गुण ओल धरून ठेवण्याचा, तोच गुण बारमाही पाण्याखाली तिचा काळ झाला.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये आपली पुस्तिका प्रसिद्ध केली. क्षार कालव्याच्या पाण्याने बाहेरून आणले, अशी समजूत होऊ शकली असती. खरा प्रकार निराळा होता. क्षार बव्हंशी जमिनीच्या पोटातच होते. पाण्याची पातळी वर चढली तशी ते तिच्याबरोबर वर आले, आणि उन्हाने पाणी उडून गेल्यावर वरच राहिले. उपाय होता निचऱ्याचा, चर काढण्याचा. याच प्रश्नाच्या निमित्ताने १९१६ साली मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी एक खास विभाग निघाला. खडकवासल्याची आजची जल व विद्युत संशोधन संस्था ही त्याचीच वाढ होय. बिघडलेल्या शेतांच्या काळजीतून या संस्थेचा उगम झाला, हे पुणेकरांनीसुद्धा ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या अनुभवानंतर शहाणपण आले. नवे कालवे काढताना पाणी सोडण्याआधी माती ओळखावी, असा विचार दृढ झाला. १९३२ मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथील बसू आणि सिरूर यांनी नीरेचा उजवा कालवा व प्रवरेचे कालवे यांखालील जमिनींची पाहणी करून ती १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी जमिनीत खोल खड्डे घेतले, वरपासून मुरमापर्यंत एकेक थर तपासला, प्रत्येक थराची माती प्रयोगशाळेत नेली, आणि तो खड्डा माथ्यावरचा की पायथ्याचा याचीही सांगड घातली. विंगेटच्या कारकुनाचे फावडे आणि लेदरची परीक्षानळी अशी येथे प्रथमच एका शेतात भेटली. दोकुचायेवचा विचार दख्खनच्या मातीत रुजला तो असा.

राहिला प्रश्न मातीच्या पोटाचा. १९४० मध्ये हैदराबाद संस्थानातील काळ्या आणि तांबड्या मातीच्या चिकण अंशाची क्ष-किरणांनी केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. काळीत माँटमोरिलोनाइट या कुळातील खनिज निघाले, तांबडीत केओलिनच्या कुळातील. पहिले खनिज पुस्तकाच्या पानांसारखे असते. पानांच्या मधे पाणी शिरते तशी माती फुगते, पाणी गेले की आक्रसते. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा का पडतात, वळवाचा पाऊस येताच त्या का मिटतात, वरची माती भेगांत पडून काळी स्वतःच स्वतःला कशी उलथते, या साऱ्याचा उलगडा या एका खनिजात आहे. भिजून फुगलेली ही माती पाणी खाली का जाऊ देत नाही, याचाही.

मग हे खनिज येथेच का? त्याचे उत्तर पावसाकडे आहे. महाबळेश्वर आणि फलटण यांत शंभर किलोमीटरांचेही अंतर नाही, आणि खाली पाषाण एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो सिलिका, चुना, मॅग्नेशियम सारे धुऊन नेतो, आणि मागे तांबडा जांभा उरतो. फलटणकडे पाऊस त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेथे ही द्रव्ये जागेवर राहतात, सखल भागात साचतात, आणि काळी टिकून राहते. त्याच एका शिवारातही माथ्यावर मुरूम, मधल्या उतारावर मध्यम जमीन, ओढ्याकाठी खोल काळी, अशी उतरंड दिसते.

पण येथेही एक गाठ राहिली होती, आणि ती नागपूरच्या संशोधकांनी सोडवली. १९७६ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की खोऱ्यांतील जाड थरांत जेवढे हे खनिज आहे, तेवढे आजच्या कोरड्या हवेत तयार होणेच शक्य नाही. ते पूर्वीच्या अधिक ओल्या काळात उंचावर तयार झाले, आणि पाण्याबरोबर खाली येऊन साचले. म्हणजे क्रिस्टी आणि न्यूबोल्ड यांच्या पक्षांत अर्धे अर्धे सत्य होते: माती पाषाणाचीच, पण पुष्कळ ठिकाणी ती वाहून आलेली.

यापुढची गोष्ट शेतकऱ्याच्या थेट उपयोगाची आहे. १९५४ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेवरून असा दंडक रूढ झाला, की मातीच्या कणांना चिकटलेल्या द्रव्यांत सोडियमचा वाटा शेकडा पंधराच्या वर गेला म्हणजे जमीन चोपण मानावी. विदर्भातील काळ्या जमिनींच्या अभ्यासात दिसले, की येथे शेकडा पाचच्या आसपासच निचरा मंदावतो आणि कपाशीचे उत्पन्न घटते. कारण कोरड्या हवेत चुना खड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, कॅल्शियम असे बांधले जाते, आणि कणांवर सोडियमचे प्राबल्य वाढते. सगळीच चुनखडी याच जन्माची नसते. पण विंगेटच्या कारकुनाने 'दोष' म्हणून जी नोंदली, तिच्यात कित्येक ठिकाणी या मंद बिघाडाची खूण होती. कालवा नसतानाही तो चालू असतो. पाणी त्याला वेग देते.

आज आपल्या हाती साधने पुष्कळ आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या योजनेत शेतकऱ्यांना मातीच्या आरोग्यपत्रिका मिळाल्या, आणि त्यांत बारा गोष्टींची तपासणी असते. खताची मात्रा ठरवण्यास ती उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिचा नमुना वरच्या वीतभर थरातला असतो, आणि सोडियमचा तो वाटा त्या बारांत नाही. काळीचे दुखणे बहुधा दोन-तीन हात खाली सुरू होते, आणि वर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जेथे नवे पाणी जाणार असेल, तेथे खड्डा खणून सर्व थर पाहावेत, त्यांची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी, आणि त्या जागेचा उतार व पाऊस यांच्याशी ती ताडून पाहावी, असे आम्हांला वाटते. जमिनीला सोळा आणे देताना ते कोणत्या पिकासाठी आणि किती पाण्याखाली, हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे. नीरेकाठच्या शेतकऱ्यांना हे कोणी सांगितले नव्हते. आज आपणांस ते माहीत आहे.